सुहैली ते म्हादेई : पृथ्वीप्रदक्षिणेतील खलाशाचे काम

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाकडे चढणारी दगडी वाट आणि शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याच्या पायथ्याचे सागाचे रान ही दोन्ही ठिकाणे समुद्रापासून दूर असली, तरी त्यांचा इतिहास समुद्राला वगळून सांगता येत नाही. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानेच जुन्नरकडे आणि तेथून पुढे पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि जकातीचे नाणे टाकण्यासाठी ठेवला होता असे परंपरा सांगते तो दगडी रांजणही तेथेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा येतो. पुढे १६५७-५८ मध्ये कल्याण, भिवंडी आणि माहुली हा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला, आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते याच परिसरातील खाड्यांमध्ये बांधली जाऊ लागली. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हासचे पाणी कल्याणच्या पुढे भरती-ओहोटीच्या खाडीत मिसळते. घाटाखालच्या या मुलखाचा समुद्राशी असलेला संबंध असा वाट, लाकूड आणि पाणी या तीन गोष्टींतून आलेला आहे, आणि पृथ्वीभोवती शिडाने फिरून येणाऱ्या खलाशाचे काम समजून घेताना यांतील दोन गोष्टी, म्हणजे लाकूड आणि पाणी, पुन्हा पुन्हा समोर येतात.

पृथ्वीप्रदक्षिणा हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून तिचे माप आधी स्पष्ट करायला हवे. विषुववृत्त म्हणजे ३६० अंशांचे वर्तुळ. प्रत्येक अंशाचे ६० भाग पाडले की त्या भागाला मिनिट किंवा कला म्हणतात, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका कलेएवढे जे अंतर भरते तो सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. यावरून पूर्ण वर्तुळाचे अंतर २१,६०० सागरी मैल येते, ते किलोमीटरमध्ये सुमारे ४०,००० भरते. शिडाच्या नौकेने केलेली प्रदक्षिणा खरी मानली जावी यासाठी एवढे अंतर तरी कापले पाहिजे, निघालेल्या बंदरातच परत आले पाहिजे, सर्व रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त किमान दोनदा पार केले पाहिजे, आणि सुएझ किंवा पनामासारख्या कालव्यातून वाट काढता कामा नये. यात दक्षिण गोलार्धातील तीन मोठी टोकेही वळसा घालून पार करावी लागतात. ऑस्ट्रेलियाचे केप ल्युविन, दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न आणि आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप ही ती तीन टोके.

ही वाट दक्षिणेकडून आणि बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, याचे कारण वाऱ्यात आहे. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली जमीन फार थोडी असल्यामुळे पश्चिमेकडून वाहणारा वारा पृथ्वीभोवती जवळजवळ अडथळ्याशिवाय फिरत राहतो आणि त्याच्या रेट्याखाली लाटाही हजारो किलोमीटर वाढत जातात. खलाशी या पट्ट्याला 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात. पूर्वेकडे तोंड करून या वाऱ्याबरोबर जाणाऱ्या नौकेच्या उजव्या हाताला सतत अंटार्क्टिका खंड राहतो. देवाला किंवा नर्मदेला उजवीकडे ठेवून चालणे म्हणजे प्रदक्षिणा, असा जो आपल्याकडचा जुना अर्थ आहे, तो या सागरी वाटेला शब्दशः लागू पडतो, आणि भारतीय नौदलाने आपल्या मोहिमेला दिलेले 'सागर परिक्रमा' हे नाव त्यामुळे अधिकच समर्पक ठरते.

पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे श्रेय सामान्यतः मॅगेलनच्या नावावर नोंदवले जाते. वास्तविक मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपाईन्समध्ये मारला गेला आणि स्पेनहून १५१९ मध्ये निघालेल्या पाच जहाजांपैकी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज हुआन सेबास्तियन एल्कानोच्या नेतृत्वाखाली ६ सप्टेंबर १५२२ रोजी परतले, तेव्हा त्यावर या मोहिमेतील १८ युरोपीय माणसे उरली होती. नेत्याच्या नावापलीकडे पाहिले, तर या ताफ्यावरील कामाची विभागणी अधिक बोधक वाटते. जहाजावर मार्ग ठरवणारे मार्गदर्शक होते, सुतार होते, फळ्यांच्या सांध्यांत ताग ठासून डांबर भरणारे कारागीर होते, पाण्याची व दारूची पिंपे सांभाळणारे होते, शिडे चढवणारे-उतरवणारे खलाशी आणि उमेदवार होते, आणि दर अर्ध्या तासाने वाळूचे घड्याळ उलटे करण्यासाठी पोरसवदा चाकर होते. यांपैकी एकाचेही काम थांबले तर जहाज थांबत असे, कारण घड्याळ उलटे करायला विसरलेल्या पोरामुळे वेळ चुकते, वेळ चुकली की कापलेल्या अंतराचा अंदाज चुकतो, आणि अंदाज चुकला की खडक अपेक्षेआधी समोर येतो. प्रशांत महासागरात ३ महिने २० दिवस ताजे अन्न न मिळाल्यामुळे या माणसांना शिडाच्या काठीवरचे कातडे भिजवून खावे लागले, असे मोहिमेचा वृत्तांतकार पिगाफेट्टा नोंदवतो. परतीच्या वाटेवर व्हिक्टोरियाच्या तळातून इतके पाणी येत होते, की थकलेली माणसे रात्रंदिवस पंप ओढत होती. पृथ्वी गोल आहे हे प्रत्यक्ष फिरून दाखवणारे पहिले जहाज शेवटच्या टप्प्यात तरंगत राहिले ते पंपाच्या दांड्यावरील हातांमुळे, ही गोष्ट नकाशांच्या इतिहासात सहसा येत नाही.

एकट्याने प्रदक्षिणा करणाऱ्या खलाशाकडे पाहताना हीच विभागणी ध्यानात ठेवली, तर त्याच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते, कारण तो एकच माणूस मार्गदर्शक, सुतार, शिडकरी, स्वयंपाकी, वैद्य आणि वाळूचे घड्याळ सांभाळणारा पोरही असतो. जोशुआ स्लोकम याने १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या नौकेतून अशी पहिली प्रदक्षिणा केली, आणि ती नौका त्याने आधी आपल्या हातांनी नव्याने बांधून काढली होती. ज्याने नौका बांधली, त्याला तिचे दुखणे कळते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. तो पुढे मुंबईत एका वेगळ्या नौकेच्या निमित्ताने पुन्हा गिरवला गेला.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुणाने १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत एक छोटी नौका बांधून घेतली. सुमारे ३२ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची ही नौका सागाची होती, आणि ती बांधणाऱ्या भारतीय सुतारांची हत्यारे त्यांच्या पूर्वजांची होती तीच होती. लाकूड तासायला वाकस आणि भोक पाडायला दोरीच्या कमानीने फिरणारा सामता. नौका पाण्यात उतरवताना तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडण्यात आला, आणि इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात ते 'सुहैली' हे नाव तिला देण्यात आले. १९६५ च्या डिसेंबरात ती मुंबईहून निघाली आणि पुढे केप टाउनहून लंडनपर्यंतचा टप्पा तिने कोठेही न थांबता ७४ दिवसांत पार केला.

साग हे नौकेसाठी का निवडले जाते, हे शहापूरच्या रानात वाढलेल्या माणसाला अर्धे आधीच ठाऊक असते, कारण घराच्या वाशाला साग घातला की वाळवी लागत नाही हा त्याचा रोजचा अनुभव आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. ते कीड आणि बुरशी दूर ठेवते, पाणी आत शिरू देत नाही, आणि लाकूड भिजून-सुकून फुगण्या-आक्रसण्याचे प्रमाण कमी राखते. उरलेले अर्धे कारण लोखंडाशी संबंधित आहे. युरोपातील जहाजे ज्या ओक लाकडाची बांधली जात, त्यातील आम्लामुळे आत ठोकलेले लोखंडी खिळे गंजत आणि काही दशकांत जहाजाचे सांधे सैल पडत, तर सागातील तेल खिळ्यांचे रक्षण करते. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने बांधलेली सागाची जहाजे याच गुणामुळे इंग्रजांच्या आरमारात नावाजली, आणि मुंबईच्या गोदीतून १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. मुंबईच्या सुतारांच्या हाताखाली तयार झालेली सुहैली ही याच परंपरेतील उशिराची आणि आकाराने लहान अशी कृती होती.

१९६८ मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची 'गोल्डन ग्लोब' स्पर्धा जाहीर केली, तोपर्यंत ही गोष्ट कोणीही साधलेली नव्हती. नऊ जण निघाले. सुहैली १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून निघाली, आणि पहिल्या काही आठवड्यांतच तिच्या तळातून पाणी येऊ लागले. नौकेच्या मधोमध खाली जो जाड कणा असतो, त्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा उघडला होता. नॉक्स-जॉन्स्टनने भर अटलांटिक महासागरात नौका थांबवली, पाण्यात बुडी मारून श्वास टिकेल तेवढा वेळ त्या सांध्यात कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि तिच्या रक्षणासाठी तांब्याचा पत्रा मारला. मधल्या वेळात घुटमळणाऱ्या शार्कला त्याला बंदुकीने मारावे लागले. नौका बांधताना तो सांधा कसा जोडलेला आहे हे ज्याने पाहिले होते, त्यालाच पाण्याखाली अंधुक उजेडात त्याची दुरुस्ती सुचू शकली.

यापुढची हकिकतही बिघाडांच्या आणि डागडुजीच्या रूपातच सांगावी लागते. आफ्रिकेच्या दक्षिणेला सप्टेंबरमध्ये एका मोठ्या लाटेने नौका आडवी पाडली, तेव्हा टाक्यांतील पिण्याचे पाणी खराब झाले आणि त्यानंतर शिडांवर पडणारे पावसाचे पाणी गोळा करून दिवस काढावे लागले. संदेश पाठवणारे रेडिओयंत्र बंद पडले. ऑस्ट्रेलियाच्या जवळ आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा कायमची मोडली, आणि तेथून पुढे अर्धे जग शिडांचा तोल साधूनच नौकेला सरळ ठेवावे लागले. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरून नोव्हेंबरमध्ये दिसल्यानंतर सुमारे साडेचार महिने सुहैलीचा ठावठिकाणा जगात कोणालाच नव्हता. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने तिला पाहिले, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, निघाल्यापासून ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. नऊपैकी दुसरी कोणतीही नौका स्पर्धा पूर्ण करू शकली नाही. इतर काही नौका सुहैलीपेक्षा बऱ्याच वेगवान होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासात वेगापेक्षा टिकाव आणि डागडुजी यांना किती महत्त्व होते ते कळते.

सुहैलीच्या प्रवासानंतर भारतीय दर्यावर्दींनी प्रदक्षिणेपर्यंत पोहोचायला वेळ घेतला. भारतीय सैन्यातील अभियंत्यांच्या तुकडीने १९८५ ते १९८७ या काळात 'तृष्णा' या नौकेतून, आणि नौदलाच्या 'तरंगिणी' या शिडाच्या प्रशिक्षण जहाजाने २००३-०४ मध्ये, पृथ्वीभोवती प्रवास केला. एकट्याने आणि भारतात बांधलेल्या नौकेतून प्रदक्षिणा व्हावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी लावून धरली. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आणि पुढे पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झालेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत होते. समुद्रापासून एवढ्या दूरच्या माळरानावर बसून सागरी परिक्रमेचा ध्यास घेणाऱ्या या माणसाच्या चिकाटीमुळेच ही मोहीम प्रत्यक्षात आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. नौदलाने मोहीम स्वीकारली आणि २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ती पार पाडण्याची जबाबदारी घेतली.

दोंदे हे नौदलातील पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारे अधिकारी होते. जबाबदारी स्वीकारली तेव्हा त्यांच्यासमोर नौका नव्हती, तिचा आराखडा नव्हता आणि एकट्याने महासागर पार करण्याचा अनुभव असलेला कोणीही भारतीय खलाशी मार्गदर्शनासाठी उपलब्ध नव्हता. अनुभव मिळवण्यासाठी ते इंग्लंडला नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या सागाच्या नौकेने ज्याला घडवले, त्याच्याकडून ती विद्या चार दशकांनी मुंबईहून निघणाऱ्या खलाशाकडे आली. ही परतफेड कोणी ठरवून केलेली नव्हती, पण भारतीय नौकानयनाच्या इतिहासात तिचे मोल मोठे आहे.

नौका बांधण्याचे काम गोव्यात दिवाडी बेटावरील कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी केले. आराखडा एका डच संस्थेचा होता, लांबी ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर, आणि सांगाडा लाकडाच्या पट्ट्या व त्यांवर काचतंतूंचे थर यांचा, ज्याला व्यवहारात फायबरग्लास म्हणतात. महासागर पार करणारी अशी शिडाची नौका त्या कारखान्याने त्याआधी बांधलेली नव्हती, त्यामुळे बांधणारा आणि चालवणारा हे दोघेही एकाच वेळी शिकत होते. नौका बांधली जात असताना खलाशी तिच्या जवळ असणे, कोणता नळ कोठून जातो, कोणती तार कोणत्या फळीमागे दडली आहे, कोणता खिळा बदलायचा झाल्यास हात कोठून घालावा लागेल, हे त्याने स्वतः पाहिलेले असणे, ही या मोहिमेतील तयारीची मुख्य बाजू होती. गोव्याची जीवनवाहिनी असलेल्या मांडवीचे वरच्या खोऱ्यातील नाव म्हादेई. त्या खोऱ्यात नावेत उभ्या असलेल्या देवीच्या जुन्या मूर्ती आढळतात, आणि त्या नावाड्यांच्या देवीवरून नौकेला 'म्हादेई' हे नाव मिळाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, नारळी पौर्णिमेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, म्हादेई मुंबईहून निघाली. किनाऱ्यावरील कोळी बांधव या सुमारास नव्या हंगामासाठी होड्या पाण्यात लोटत असतात, तरी नैर्ऋत्य मोसमी वारा अजून पुरता ओसरलेला नसतो. शहापूर तालुक्यातील भातसा धरण आणि तानसा तलाव भरणारा हाच वारा मुंबईहून दक्षिणेकडे जाऊ पाहणाऱ्या शिडाच्या नौकेला जवळजवळ समोरून अडवतो. शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला वाऱ्याशी कोन करून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट कापावी लागते. पुढे फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनले आणि केप टाउन या चार ठिकाणी थांबत, जानेवारी २०१० मध्ये केप हॉर्न ओलांडून, दोंदे १९ मे २०१० रोजी मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले, आणि पुढे त्यांना शौर्यचक्र देण्यात आले.

अशा प्रवासात खलाशी दिवसभर नेमके काय करतो, याची कल्पना किनाऱ्यावरील माणसाला सहसा नसते. त्याने चोवीस तास सुकाणू धरलेले नसते, कारण ते शक्यच नाही. ते काम विजेवर चालणारे यंत्र किंवा वाऱ्यावर चालणारे पाते करते. नौकेच्या मागच्या बाजूला उभे केलेले हे पाते वाऱ्याच्या दिशेशी जुळवून ठेवतात. नौका ठरलेल्या दिशेपासून वळली की वारा पात्याच्या एका अंगावर दाब देतो, पाते कलते, आणि त्याला जोडलेल्या दोऱ्या सुकाणू विरुद्ध बाजूला ओढून नौकेला जागेवर आणतात. यात वीज लागत नाही, पण मर्यादा अशी की हे पाते होकायंत्राला नव्हे तर वाऱ्याला धरून चालते, म्हणून वारा फिरला की नौकाही मुकाट्याने फिरते, आणि हे वेळीच लक्षात येण्यासाठी खलाशाला झोपेतही जागे राहावे लागते. एकट्या खलाशाची झोप म्हणूनच तुकड्यातुकड्यांची असते. जहाजांच्या वर्दळीत वीस मिनिटे, मोकळ्या महासागरात त्याहून थोडी अधिक, आणि प्रत्येक वेळी उठून क्षितिज, शिडे आणि दिशा यांवर नजर टाकून पुन्हा पडणे. अनुभवी खलाशाला नौकेचा नेहमीचा आवाज झोपेत ऐकू येत नाही, पण त्या आवाजात झालेला लहानसा बदल, दोरीची नवी करकर किंवा पाण्याचा वेगळा सूर, त्याला ताडकन उठवतो.

उरलेला बराचसा वेळ तपासणीत जातो. शिडाचे कापड उन्हाने कुजते, दोरी जेथे घासते तेथे झिजते, आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांतील एक धागा तुटला तर बाकीच्यांवर भार वाढून काही दिवसांत संपूर्ण तार जाते. म्हणून रोज नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून प्रत्येक गाठ, खिळा व सांधा हाताने चाचपावा लागतो. शेतकरी आवणीनंतर रोज बांधावरून फेरी मारतो आणि कोठे खेकड्याने भोक पाडून पाणी वाहून चालले आहे का ते पाहतो, त्या फेरीशी या कामाचे नाते आहे. भोक लहान असताना सापडले तर मूठभर चिखलाने भागते.

पाण्याचा हिशेब हे दुसरे रोजचे काम. मुंबईच्या पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसा धरणातून येते आणि १८९२ मध्ये पूर्ण झालेला तानसा तलावही शहापूर तालुक्यातच आहे, त्यामुळे मुंबईच्या नळावर टाक्या भरून निघणारी नौका शहापूरचे पाणी घेऊनच समुद्रात जाते. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या माणसाला गोडे पाणी लिटरांत मोजावे लागते. टाकी एकच ठेवली आणि ती खराब झाली तर सगळेच संपते, म्हणून पाणी अनेक भांड्यांत विभागून ठेवण्याची रीत आहे, आणि सुहैलीच्या अनुभवाने ती अधिकच पक्की झाली. धरणाच्या काठी राहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरच्या पाड्यांना पाण्याच्या हंड्याचा हिशेब कोणी वेगळा शिकवायला नको, ही वस्तुस्थिती येथे नोंदवणे भाग आहे.

तिसरे काम काळ आणि स्थान सांभाळण्याचे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. म्हणून एखाद्या ठिकाणची मध्यान्हाची वेळ आणि ग्रिनिचची त्या क्षणाची वेळ यांतील फरक कळला की रेखांश कळतो. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश, आणि विषुववृत्तावर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, त्यामुळे घड्याळातील एका मिनिटाची चूक नौकेला १५ मैल बाजूला नेऊन ठेवते. आज उपग्रह स्थान सांगतात, तरी सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन मोजणारे सेक्स्टंट हे उपकरण वापरण्याचा सराव सुटू दिला जात नाही, कारण वीज गेली तरी सूर्य उगवतोच. पूर्वेकडे जाणारा खलाशी दर १५ अंशांना घड्याळ एक तास पुढे करत जातो आणि पूर्ण फेरीत किनाऱ्यावरच्या माणसांपेक्षा एक सूर्योदय अधिक पाहतो. १८० अंशांच्या रेषेवर त्याला दिनदर्शिकेतील एकच तारीख दोनदा जगावी लागते. पश्चिमेकडे गेलेल्या व्हिक्टोरियाच्या बाबतीत हे उलटे घडले होते. १५२२ च्या जुलैमध्ये ती केप व्हर्द बेटांवर पोहोचली, तेव्हा नौकेवरील नोंदीप्रमाणे बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोजच्या नोंदीत एकही दिवस चुकलेला नसताना हा एक दिवस कोठे गेला, याचे आश्चर्य पिगाफेट्टाने लिहून ठेवले आहे.

प्रदक्षिणेतील खलाशाचे काम परतल्यावर संपत नाही, याचे उदाहरण दोंदे यांनीच घालून दिले. त्यांच्या प्रवासात किनाऱ्यावरून सुटे भाग, पुरवठा आणि दुरुस्ती यांची व्यवस्था पाहणारे अभिलाष टॉमी हे त्याच म्हादेईतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले; या वेळी किनाऱ्यावरची बाजू दोंदे यांनी सांभाळली. पुढे वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये 'तारिणी' या गोव्यातच बांधलेल्या नौकेतून प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणातही दोंदे यांचा वाटा होता. गोल्डन ग्लोब स्पर्धा पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, जुन्याच साधनांनिशी पुन्हा घेण्यात आली, तेव्हा टॉमी ज्या नौकेतून उतरले ती 'तुरीया' दांडेकरांनी गोव्यात सुहैलीच्या धर्तीवर बांधलेली होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. तरीही २०२२-२३ च्या स्पर्धेत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. आवटी यांचे निधन ३ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णीला झाले. त्यांनी सुरू केलेल्या कामाची दोरी तोपर्यंत अनेक हातांत गेली होती.

मूळ सुहैली १९९७ मध्ये ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील हवा दस्तऐवजांच्या आणि चित्रांच्या रक्षणासाठी कोरडी राखलेली असल्यामुळे, जगभरच्या पाण्यात टिकलेल्या मुंबईच्या सागाच्या फळ्या हळूहळू आक्रसू लागल्या आणि सांध्यांत फटी पडू लागल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपली नौका संग्रहालयातून परत घेतली, पुढील वर्षांत तिचे गंजलेले खिळे आणि जोड स्वतः खपून बदलले, आणि वयाच्या ७७ व्या वर्षी, २०१६ मध्ये, तिला पुन्हा पाण्यात उतरवले.